कानात झुबे, शेपटी गायब: अराउकाना कोंबडीची पैदास आणि अंडी उबवणी

एकविसावा दिवस गेला, बाविसावाही गेला, आणि इन्क्युबेटरच्या जाळीवर नऊ निळी अंडी तशीच पडून राहिली. चोवीस ठेवली होती. दहाव्या दिवशी त्यातली एकवीस जिवंत दिसली होती, पिल्लं निघाली बारा. मी थर्मामीटरला दोष दिला. पुढच्या खेपेला नवा थर्मामीटर आणला, पाण्याचा ट्रे बदलला, आणि निकाल जवळपास तोच. शेवटी न फुटलेली अंडी टाकून देण्याऐवजी जुन्या वर्तमानपत्रावर एकेक करून फोडली. नवातली सहा पिल्लं पूर्ण वाढलेली होती. लव आलेली, नखं आलेली, पण बलक अजून पोटात शिरलेला नव्हता आणि चोच हवेच्या पोकळीपर्यंत पोचली नव्हती. म्हणजे अठराव्या दिवसाच्या आसपास सगळी गेलेली. यंत्राचा काही दोष नव्हता. दोष मी लावलेल्या जोडीत होता.

अराउकाना पाळणाऱ्या बहुतेकांच्या नशिबी हा अनुभव येतो, म्हणून या लेखात यंत्राच्या आधी जोडीबद्दल लिहितो. तापमान आणि आर्द्रतेचे आकडे कुठेही मिळतात. या कोंबडीचं वेगळेपण असं की तिच्यात जे बघून माणूस हरखतो, त्यातलंच काही अंड्यात पिल्लाचा जीव घेतं.

ही कोंबडी नेमकी कोणती

दक्षिण चिलीच्या अराउकानिया भागातल्या मापुचे लोकांकडे फार पूर्वीपासून दोन तऱ्हेच्या कोंबड्या होत्या. एक कोयोंका: शेपटी नाही, अंडं निळं. दुसरी केत्रो: शेपटी आहे, आणि दोन्ही कानांजवळून पिसांचे झुपके बाहेर आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुबेन बुस्तोस या चिलीच्या पैदासकाराने या दोन्हींचा संकर करत करत शेपटी नसलेला, झुपकेवाला, निळी अंडी देणारा कळप तयार केला. स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेयो यांनी १९१४ मध्ये चिलीत हे पक्षी पाहिले आणि १९२१ साली हेग इथे भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगासमोर मांडले. त्यांना ही कोंबड्यांची वेगळी प्रजातीच वाटली. नाव दिलं 'गॅलस इनॉरिस'. इनॉरिस म्हणजे कानातला दागिना. स्पॅनिशमध्येही तिला 'आरेतेस' म्हणजे कर्णभूषणांची कोंबडी म्हणतात. आपल्याकडे झुबे हा शब्द असताना मी 'कर्णपिच्छ' वगैरे लिहीत बसणार नाही. प्रजाती वेगळी नव्हती, हे पुढे स्पष्ट झालं, पण झुबे मात्र खरेच वेगळे.

विकत घेताना गोंधळ होतो तो इथे. अमेरिकेच्या प्रमाणकात १९७६ साली मान्य झालेली अराउकाना म्हणजे बिनशेपटीची आणि झुबेवाली. ब्रिटनमधली अराउकाना शेपटीवाली असते आणि तिच्या गालावर पिसांचे कल्ले, हनुवटीखाली दाढी असते. अमेराउकाना ही तिसरीच जात, अमेरिकेत १९८४ साली मान्य झालेली; तिलाही कल्ले आणि दाढी असते, झुबे नसतात. कल्ले गालाच्या कातडीवरच उगवतात. झुबा मात्र कानाच्या भोकाजवळच्या मांसल देठावर उगवतो. बोटाने चाचपलं की देठ हाताला लागतो. देठ लागला नाही तर ते झुबे नव्हेत, विकणारा काहीही म्हणो. निळं अंडं हा तर जातीचा पुरावा अजिबात नाही. चिलीच्या खेड्यांत शेपटीवाल्या, साध्या तोंडाच्या, म्हणजे झुबे नसलेल्या कितीतरी कोंबड्या निळी अंडी देतात.

झुब्यांचं गणित आधी

झुब्याचं जनुक प्रभावी आहे. एक प्रत आली की झुबे येतात. दोन प्रती आल्या की पिल्लू अंड्यातच मरतं, बहुतेक वेळा सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणून तुम्हाला दिसणाऱ्या प्रत्येक जिवंत झुबेवाल्या पक्ष्याकडे एकच प्रत असते. झुब्यांची 'शुद्ध' ओळ तयार करणं शक्यच नाही, कितीही पिढ्या घालवा.

आता कागद घ्या. झुबेवाला कोंबडा आणि झुबेवाली कोंबडी लावली, शंभर फलित अंडी मिळाली असं धरा. पंचवीस पिल्लं दोन प्रतींमुळे मरतील, पन्नास झुबेवाली होतील, पंचवीस साध्या तोंडाची. दुसऱ्या बाजूला झुबेवाला कोंबडा आणि साध्या तोंडाची कोंबडी लावा. शंभरात मरणारं कुणी नाही, पन्नास झुबेवाली, पन्नास साधी. झुबेवाली पिल्लं दोन्हीकडे पन्नासच! पहिल्या जोडीत जास्तीचं काही मिळत नाही. जी पंचवीस साधी पिल्लं जगली असती ती मेलेली असतात, एवढाच फरक.

हे गणित मला कळलं तेव्हा दोन हंगाम वाया गेले होते. तरी आजही लोक झुब्याला झुबा लावतात, कारण निघालेल्या पिल्लांत तीनातली दोन झुबेवाली दिसतात आणि निम्म्यापेक्षा ते बरं वाटतं. न निघालेली अंडी कुणी मोजत नाही.

एक प्रत असलेल्या पिल्लांतही मर काहीशी जास्त असते आणि झुबेवाल्यांच्या कानाची भोकं पुष्कळदा वेडीवाकडी असतात. म्हणून नियम सोपा ठेवा: जोडीतला एक पक्षी साध्या तोंडाचा हवाच. आणि चांगल्या बांध्याची साधी तलंग केवळ झुबे नाहीत म्हणून विकू नका. तुमच्या कळपाचा कणा तीच आहे.

शेपटी

बिनशेपटीपणाही प्रभावी जनुकामुळे येतो, पण तो अंड्यात मारत नाही. त्याचा त्रास वेगळा आहे. पाठीच्या कण्याचे शेवटचे मणकेच नसल्यामुळे शेपटीची पिसं नाहीत आणि पिसांना तेल लावणारी ग्रंथीही नाही. मागच्या बाजूची मऊ पिसं मलद्वारावर उशीसारखी लोंबतात. कोंबडा चढतो, उतरतो, तुम्हाला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात मध्ये पिसांची गादी असते. निळी अंडी कोरी, म्हणजे फलित न झालेली निघण्याचं सर्वांत साधं कारण हेच. हंगाम सुरू होण्याआधी बोथट टोकाच्या कात्रीने नर आणि मादी दोघांच्याही मलद्वाराभोवतीची पिसं बोटभर रुंद गोलात कापून घ्या. उपटू नका, पुन्हा उगवताना रक्ताने भरलेलं कोवळं पीस दुखावतं. महिन्याने परत बघा.

तेलग्रंथी नसल्याने हे पक्षी पावसात लवकर भिजतात. दक्षिण चिलीचा हिवाळा म्हणजे सततचा पाऊस, त्यामुळे तिथल्या पाळणाऱ्याला छपराखाली कोरडी जागा द्यावीच लागते. तुमचं हवामान तसं असेल तर तुम्हालाही.

आणि एक. बिनशेपटीला बिनशेपटी लावत गेलात की पिढ्यांगणिक पाठ आखूड होत जाते, आणि आखूड पाठीच्या पक्ष्याला जुळणीच जमत नाही. काही पिल्लांना अर्धवट, वाकडी शेपटी येते, तीही याच जनुकाची अनियमित अभिव्यक्ती. दर दोन-तीन पिढ्यांनी चांगल्या लांब पाठीचा शेपटीवाला पक्षी कळपात आणा. निम्म्यापर्यंत पिल्लं शेपटीवाली निघतील. निघू द्या.

म्हणजे माझ्या मते उत्तम जोडी कोणती? झुबेवाला, बिनशेपटीचा कोंबडा आणि त्याच्याखाली साध्या तोंडाच्या कोंबड्या, त्यात एक-दोन शेपटीवाल्या. प्रदर्शनात या कोंबड्यांकडे कुणी ढुंकून बघणार नाही. उबवणीत मात्र त्यांच्याइतकं कुणी कामाला येत नाही.

निळा रंग आणि कोंबड्याची परीक्षा

निळ्या कवचाचं कारण २०१३ मध्ये उलगडलं: एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात एका जागी जाऊन बसला आणि त्यामुळे बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य कवचात उतरू लागलं. चीनच्या निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांतही असाच तुकडा आहे, पण तो स्वतंत्रपणे घुसलेला. ही गंमत बाजूला ठेवली तरी त्यातून एक कामाची गोष्ट मिळते. निळा रंग कवचाच्या आरपार असतो, तपकिरी रंग फक्त वरच्या थरावर चढतो. म्हणून हिरवं अंडं फोडून आतली त्वचा सोलली की कवच आतून निळं दिसतं. हिरवं म्हणजे निळ्यावर तपकिरी थर. तुमच्या कळपात हिरवी अंडी येऊ लागली तर कुठेतरी तपकिरी अंडं देणारं रक्त मिसळलंय हे नक्की.

कोंबडी स्वतःच अंडं दाखवते. कोंबड्याचं काय? निळ्याचं जनुक प्रभावी असल्याने त्याच्याकडे एक प्रत आहे की दोन, हे दिसत नाही. त्याला पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीला लावा आणि मुली अंड्यावर येईपर्यंत थांबा. एक प्रत असेल तर साधारण निम्म्या मुली पांढरी अंडी देतील. एकच प्रत असूनही सात मुलींनी सलग निळीच देण्याची शक्यता १२८ मध्ये १, म्हणजे तसं झालं तर निश्चिंत व्हा. वेळ नसेल तर तुरा बघा. वाटाण्याच्या दाण्यांसारखा तीन ओळींचा आखूड तुरा आणि निळं अंडं यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर अगदी जवळ बसलेली आहेत, त्यामुळे बहुधा जोडीनेच वारसाने येतात. या ओळीतल्या पिल्लाला उभा एकेरी तुरा आला तर ते बहुधा निळ्याला मुकलं. हा अंदाज आहे, खात्री नव्हे.

पैदाशीचा गट लावताना

एका कोंबड्यामागे सहा ते आठ कोंबड्या पुरे. आधी दुसऱ्या कोंबड्यासोबत असलेल्या मादीची अंडी उबवणीसाठी घ्यायची असतील तर निदान तीन आठवडे थांबा, कारण मादीच्या शरीरात वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं. नव्या कोंबड्याची पिल्लं म्हणून जपली आणि निघाली जुन्याची, ही फजिती मी पाहिलेली आहे.

खाद्य बदला, आणि अंडी गोळा करण्याच्या महिनाभर आधी बदला. साधं अंड्यावरचं खाद्य अंडी देण्यापुरतं असतं, पिल्लू घडवण्यापुरतं नाही. पैदाशीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं, तीन ते साडेतीन टक्के कॅल्शियम आणि वाढीव जीवनसत्त्वं हवीत. रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व ब-२) कमी पडलं तर पिल्लाची लव गाठी पडल्यासारखी आखूड राहते. न फुटलेल्या अंड्यात ती दिसली तर खाद्याकडे वळा. दिवसाचा उजेड १४ ते १६ तास असेल तर अंडी नियमित येतात. चिलीत हा हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे उत्तर गोलार्धातली पुस्तकं उलटी वाचायची.

नवीन पक्षी आणला की ३० दिवस वेगळा ठेवा. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे रोग अंड्यातून पिल्लात उतरतात, त्यामुळे पैदाशीच्या पक्ष्यांची रक्ततपासणी करून घेणं चैनीत मोडत नाही. २०२२ च्या अखेरीस एच५एन१ बर्ड फ्लू चिलीत पोचला. एका दुर्मीळ जातीचे सगळे पक्षी एकाच आवारात ठेवणं किती धोक्याचं, हे त्यानंतर वेगळं सांगायला नको. चांगली जोडी दुसऱ्या विश्वासू माणसाकडेही असू द्या. जिवंत पक्षी वा उबवणीची अंडी सीमेपलीकडे नेताना दोन्ही देशांच्या पशुआरोग्य खात्यांची परवानगी लागते; चिलीत हे काम 'सर्विसियो आग्रिकोला इ गानादेरो' पाहतं. पिशवीत लपवून अंडी नेणाऱ्यांच्या शौर्यकथा ऐकून भुलू नका.

अंडी गोळा करणं आणि ठेवणं

दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा. घाण अंडी धुऊ नका, ओल्या कवचातून जंतू आत ओढले जातात. किंचित मळ असेल तर कोरड्या खरखरीत कापडाने घासा. फारच मळलेलं असेल तर खाण्यासाठी ठेवा. १५ ते १८ अंश सेल्सियस, टोकदार बाजू खाली, आर्द्रता ७० ते ७५ टक्के. सात दिवसांपर्यंत निर्धास्त. त्यानंतर प्रत्येक दिवसागणिक निघण्याचं प्रमाण घसरतं, आणि जास्त दिवस ठेवायचीच असतील तर रोज एकदा बाजू बदला. कुरियरने आलेली अंडी लगेच यंत्रात ठेवू नका. रुंद बाजू वर करून बारा ते चोवीस तास शांत ठेवा.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि मादीची खूण लिहा. शाई नको. निळ्या कवचावर पेन्सिल नीट उमटते आणि एकविसाव्या दिवसापर्यंत टिकते.

यंत्रात एक ते अठरा दिवस

यंत्र रिकामं दोन दिवस आधी चालू करून ठेवा. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश. बिनपंख्याच्या यंत्रात अंड्याच्या वरच्या टोकाच्या पातळीवर ३८.३ ते ३८.६. तापाचा थर्मामीटर आत ठेवून यंत्राच्या आकड्याशी ताडून बघा. आर्द्रतामापकासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन थेंब पाण्याने ओलसर करा, मापकासोबत बंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. ७० दाखवला तर तुमचं मापक पाचने कमी दाखवतंय, एवढं वहीत लिहून कामाला लागा.

आर्द्रतेचा आकडा मात्र डोळे झाकून पाळू नका. ४५ ते ५५ टक्के सांगतात, आणि सुरुवात तिथून करा, पण खरा निकाल वजनकाटा देतो. अठरा दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. उदाहरणच घ्या. पहिल्या दिवशी अंडं ५० ग्रॅम. बारा टक्के म्हणजे ६ ग्रॅम घट, रोजची सुमारे ०.३३ ग्रॅम. सातव्या दिवशी काट्यावर ४७.७ च्या आसपास यायला हवं, चौदाव्या दिवशी ४५.३, अठराव्याला ४४. सातव्या दिवशी ४८.५ आलं तर पाणी काढून घ्या. ४६.५ आलं तर पाणी वाढवा. दहा अंड्यांचा एक ट्रे एकत्र तोलला तरी चालतो. सतत पावसाळी हवेत मी पाण्याचे दोन्ही कप्पे अर्धे रिकामे ठेवतो, आणि कोरड्या हवेत दोन्ही भरलेले असतात. यंत्र तेच.

अंडी दिवसातून निदान तीन वेळा, जमल्यास पाच वेळा फिरवा. विषम संख्या अशासाठी की रात्रीचा लांब मुक्काम रोज एकाच बाजूवर पडू नये.

निळी अंडी उजेडावर तपासणं अवघड असतं. पांढऱ्या अंड्यात पाचव्या दिवशी शिरांचं जाळं स्पष्ट दिसतं. निळ्यात, त्यातही हिरवटात, सातव्या दिवशीही नुसती धूसर सावली दिसते. अशा वेळी शंका आली म्हणून अंडं फेकून देणं ही नवख्याची हमखास चूक. दहाव्या दिवसापर्यंत थांबा, खोली पूर्ण अंधारी करा, अरुंद तोंडाचा जोरकस एलईडी टॉर्च रुंद टोकाला घट्ट टेकवा आणि अंडं अलगद फिरवा. हलणारा काळा ठिपका जिवंत. आरपार उजळलेलं अंडं कोरं. पातळ रक्ताचं कडं दिसलं तर मेलेलं. नाकाजवळ नेऊन वासही घ्या. कुजलेलं अंडं यंत्रात फुटलं तर सगळ्या खेपेचा सत्यानाश होतो.

खुडूक कोंबडी मिळाली तर ती यंत्राहून शंभरपटीने शहाणी. मापुचे घरांत हेच काम कोंबड्यांनी पिढ्यान् पिढ्या केलंय. आठ-दहा अंडी तिच्याखाली रात्री अंधारात सरकवा, तिची स्वतःची अंडी काढून घ्या आणि दिवसातून एकदा ती खायला उठते की नाही तेवढं पाहा. दुर्मीळ ओळीची पाच-सहा अंडी हाती आली असतील तर मी यंत्राचा विचारही करत नाही. गणित मात्र तेच राहतं. दोन झुबेवाल्यांच्या अंड्यांतली पंचवीस टक्के खुडूक कोंबडीही वाचवू शकत नाही.

अठरा ते एकवीस

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के, झाकण बंद. लहान अंड्यांतली पिल्लं विसाव्या दिवशीही टोचा घालतात, म्हणजे चोचीने आतून कवच फोडायला लागतात. टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास जातात, आणि या वेळात तुमचा हात झाकणाकडे जातोच. आवरा. झाकण उघडलं की आर्द्रता कोसळते, आतली त्वचा सुकते आणि पिल्लू तिच्यात गुंडाळून अडकतं. मदत करायचीच असेल तर टोच्यानंतर चोवीस तास काहीच हालचाल नसेल तेव्हा, आणि त्वचेतल्या शिरांत रक्त दिसलं तर लगेच थांबा.

न फुटलेली अंडी

तेविसाव्या दिवशी उरलेली सगळी अंडी हातमोजे घालून फोडा. मी ती फोडायला दोन हंगाम उशीर केला, तुम्ही पहिल्या हंगामातच करा. नुसतं 'मेलं' लिहून उपयोग नाही, कधी मेलं ते हवं. पहिल्या आठवड्यातली मर असेल तर साठवण, प्रवास किंवा तापमानाकडे बघा. मधल्या आठवड्यातली असेल तर बहुधा खाद्य. अठराव्या दिवशी, अंगाने पूर्ण, बलक बाहेर, टोचा नाही: झुब्यांच्या दोन प्रतींचा संशय घ्या आणि कानांच्या जागा निरखून पाहा. टोचा घातला, पण बाहेर आलं नाही, चिकट किंवा फुगलेलं आहे: आर्द्रता.

पण शेवटच्या आठवड्यातली मर यंत्रामुळेही होते. मग ओळखायचं कसं? दरवेळी त्याच यंत्रात, त्याच ट्रेमध्ये, दोन्ही पक्षी साध्या तोंडाचे असलेल्या जोडीची आठ-दहा अंडी ठेवा. ती धडधडीत निघाली आणि झुब्यांच्या जोडीची चौथा हिस्सा मेली तर यंत्राला हात लावू नका. दोन्हींकडे मर सारखीच असेल तर मात्र पेचकस काढा. दहा साध्या अंड्यांनी माझे कितीतरी पैसे वाचवलेत.

ब्राझीलच्या पियाउई राज्यातली कानेला-प्रेता, म्हणजे काळ्या नडग्यांची कोंबडी, किंवा झुबे नसलेली दक्षिण अमेरिकेतली दुसरी एखादी देशी जात उबवत असाल तर हे झुब्यांचं प्रकरण सोडून द्या. बाकी सगळं तसंच लागू होतं.

पिल्लं

अंग वाळलं की ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार पेटीत. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात: दिव्याखाली ढीग करून चिवचिवली तर थंडी, भिंतीला चिकटून चोची उघडल्या तर उकाडा. पिल्लांचं खाद्य २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं. मारेक या रोगाची लस पहिल्याच दिवशी. बिनशेपटीच्या पिल्लांची मागची बाजू पहिले दहा दिवस रोज बघा, विष्ठा चिकटून मलद्वार बंद झालं तर कोमट पाण्याने सोडवा.

झुबे पहिल्याच दिवशी शोधावे लागतात. पिल्लू उजेडात धरून कानाच्या जागेवरची लव बोटाने मागे सारली की मोहरीएवढा मांसाचा कोंब किंवा बाहेर वळलेला लवेचा तुरा दिसतो. एकाच बाजूला असतो, दोन्हींकडे असतो, एकीकडे मोठा आणि दुसरीकडे नावापुरता, असंही होतं. आठवड्याभरात लवेत तो दडून जातो आणि मग पिसं येईपर्यंत सापडत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी पायात रंगीत कडी घाला आणि वहीत लिहा: जोडी कोणती, झुबे कोणत्या बाजूला, शेपटी आहे, नाही की अर्धवट. पंधरा दिवसांत कडी बदलावी लागते, विसरलात तर पायात रुतते.

रक्त सांभाळणं

दुर्मीळ जातीत दरवेळी बाहेरून पक्षी मिळत नाही, म्हणून आहे तेच जपून वापरायचं. आणि इथे नरांची संख्या मोठी बाब आहे. दोन कोंबडे आणि दहा कोंबड्या असा बारा पक्ष्यांचा कळप आनुवंशिकदृष्ट्या सात पक्ष्यांपेक्षाही लहान ठरतो, आणि दर पिढीला जवळच्या रक्ताचा परिणाम साडेसात टक्क्यांनी वाढतो. त्याच दहा कोंबड्यांमागे पाच कोंबडे ठेवले की तो पावणेचार टक्क्यांवर येतो. तीन जादा नरांचं खाद्य आणि पहाटेची बोंब सोसवत असेल तर याहून स्वस्त उपाय नाही.

कळपाचे तीन गट करा. मुली आईच्याच गटात राहतात. मुलगे दरवर्षी पुढच्या गटात जातात: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. वहीत एक ओळ पुरते, आणि भाऊबहीण कधीच एकत्र येत नाहीत. प्रत्येक गटात साध्या तोंडाच्या माद्या आणि निदान एक शेपटीवाली असू द्या.

निवड दोनदा करा. पहिली आठ आठवड्यांनी: वाकडी चोच, वाकडी बोटं, दबलेली छाती बाजूला. दुसरी सहा महिन्यांनंतर, तलंगा अंड्यावर आल्यावर. तोवर कुणालाही विकू नका, कारण कोणाची बेरीज कुठे जाते ते अंडं आल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडच्या एका साध्या तोंडाच्या, शेपटीवाल्या तलंगेला दोन जण फुकट न्यायलाही तयार नव्हते. तिच्या पहिल्या अंड्याचं कवच मी फोडून खिडकीत धरलं. बाहेरून निळं, आतली त्वचा सोलल्यावरही तितकंच निळं, हिरव्याचा लवलेश नाही. तिच्या वहीच्या पानावर झुबे असलेल्या कोंबड्याचा नंबर लिहिला आणि मलद्वाराभोवतीची पिसं कापायला कात्री शोधू लागलो.